गाव दाखवणारे चित्रपट, गावात बसून पाहताना

धुरकरी (राळेगाव तालुका)

कापसाची पहिली वेचणी आटोपली आहे, तूर फुलोऱ्यात आहे आणि अंधार लवकर पडू लागल्यामुळे आमच्याकडे चित्रपट पाहण्याचा हंगाम सुरू झाला आहे. त्यानिमित्ताने हा धागा काढत आहे. अलीकडे पाहिलेला कोणताही चित्रपट चालेल. तो नवाच असावा अशी अट नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत चित्रपट पोहोचतो तोच उशिरा. विनंती एवढीच, की ‘छान आहे’, ‘एकदा पाहण्यासारखा आहे’ यावर थांबू नये. कोणते दृश्य पटले, कोणते पटले नाही आणि का, हे सांगावे.

सुरुवात मी करतो. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) नुकताच पुन्हा पाहिला. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यानंतर अलकाला आपल्या नवऱ्याची, म्हणजे किसनाची, धास्ती वाटू लागते. ती लहान मुलाला त्याच्या मागावर पाठवते, घरात त्याच्या मनाला लागेल असे काही बोलले जाऊ नये म्हणून जपते आणि त्याला आवडेल ते रांधून घालते. किसनाच्या डोक्यात मात्र पेरणी आणि पाऊस याखेरीज काही नाही. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष या तिघांनी हे घर असे उभे केले आहे, की धास्तीच्या प्रसंगातही हसू येते आणि त्या हसण्याची लाज वाटत नाही. शेतकरी आत्महत्येवरचा चित्रपट म्हटला की सावकार, कर्जाचा कागद आणि टाहो फोडणारी विधवा ही सामग्री ठरलेली असते. मनवर यांनी जिवंत माणसावर घरच्यांना ठेवावी लागणारी पाळत दाखवली आणि तीच आमच्या भागात खरी आहे.

माझे एक मत आहे. ते चर्चेसाठी मांडतो. गावाचा चित्रपट खरा की खोटा हे चित्रीकरण कुठे झाले यावरून ठरत नाही, पडद्यावरच्या माणसांच्या हातांना काम येते की नाही यावरून ठरते. ज्या नटाला वखर धरता येत नाही, त्याचे पुढचे रडणेही मला पटत नाही.

पऱ्हाटी (वणी तालुका)

धुरकरी भाऊ, आपल्या मताचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे आणि त्याला ‘शेरनी’ (२०२१) हे चांगले उदाहरण आहे. हा चित्रपट मध्य प्रदेशात चित्रित झाला, त्यातली भाषा हिंदी आहे आणि कथेतल्या वाघिणीला टी-१२ असा क्रमांक दिला आहे. तरीही आमच्या घरातल्या प्रत्येकाला पहिल्या काही मिनिटांतच पांढरकवड्याची अवनी आठवली. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी आमच्या जिल्ह्यात मारली गेली. तिच्या मागे दोन बछडे राहिले होते. त्या काळात वेचणीला जाणाऱ्या बायांनी काय सोसले आणि ती मेल्यावर शहरांतून जे निषेध झाले त्यांच्या बातम्या वाचून आम्हांला काय वाटले, हे दोन्ही आठवूनच मी हा चित्रपट पाहिला.

दिग्दर्शक अमित मसुरकर यांना वनखात्याचे काम माहीत आहे. कॅमेरा नीट टिपतो की नाही हे तपासण्यासाठी एक वनकर्मचारी वाघासारखा हातापायांवर चालून दाखवतो, तिथपासून हा चित्रपट सुरू होतो. पाणवठा कोरडा पडलेला आहे, तो भरण्याचे काम ज्याच्याकडे आहे तो ठेकेदार वजनदार माणसाचा नातलग आहे आणि नव्याने आलेल्या अधिकारी बाईंना हे सारे पहिल्याच फेरीत कळते. विद्या बालन यांनी ही बाई फार कमी बोलून साकारली आहे. निवडणुकीतल्या दोन पुढाऱ्यांना वाघीण हा आयता मुद्दा मिळतो आणि गावच्या बैठकीत जंगलाविषयी बोलण्याऐवजी एकमेकांची उणीदुणी काढली जातात, हा प्रसंग लिहिणाऱ्याने कोणत्या तरी ग्रामसभेच्या मागच्या रांगेत बसून पाहिला असावा. जनावरांना चरायला जागा उरली नाही म्हणून माणसे जंगलात जातात, हे कारणही चित्रपटात स्वच्छ शब्दांत येते. पुष्कळ वन्यजीवप्रेमी तेवढेच सोयीस्करपणे विसरतात.

आता जे पटले नाही ते. चित्रपटात भीती आहे, पण मजुरी नाही. आमच्याकडे पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर उंच झाली, की दहा पावलांवर जनावर बसलेले असले तरी दिसत नाही; तरीही बाया जातात, कारण वेचणीचे पैसे किलोवर मिळतात आणि घरी बसलेल्या दिवसाचे कोणीही देत नाही. ओलिताच्या शेतात तर पंपाला वीज रात्री असली, की माणसाला रात्रीच जावे लागते. हा हिशेब पडद्यावर एकदाही मांडला जात नाही, त्यामुळे गावकरी कधी भाबडे तर कधी पुढाऱ्याने भडकवलेले वाटतात. शरत सक्सेना यांनी रंगवलेला शिकारी तर इतका फुशारक्या मारणारा आहे, की त्याच्यावर राग काढून प्रेक्षक मोकळा होतो आणि बाकीची सारी व्यवस्था सुटून जाते.

तिखट ठेचा (दारव्हा)

दोन प्रतिसाद झाले आणि एक आत्महत्या व एक वाघीण झाली. विदर्भाचा धागा म्हटला की याशिवाय काही नसतेच का? आमच्या घरी तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहिलेला चित्रपट म्हणजे किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ (२०२४). घुंगटामुळे आगगाडीत दोन नवऱ्या मुलींची अदलाबदल होते, एवढ्या धाग्यावर पूर्ण चित्रपट उभा आहे आणि कुठेही भाषण ठोकलेले नाही. स्थानकावर चहाभज्यांचे दुकान चालवणारी मंजू माई छाया कदम यांनी अशी केली आहे, की ती पडद्यावर येताच आमच्या सासूबाई सरसावून बसत.

मला सर्वांत आवडले ते कमळकाकडीच्या भाजीचे दृश्य. घरातली बाई सांगते, की तिला जे आवडत होते ते घरात दुसऱ्या कोणाला आवडत नव्हते, म्हणून तिने ते करणेच सोडले आणि आता तर आपल्याला काय आवडते हेही तिला आठवत नाही. या दृश्यानंतर सासूबाईंनी सासऱ्यांना सर्वांसमोर विचारले, की मला कोणती भाजी आवडते ते सांगा. सासऱ्यांनी उत्तर न देता पुढचे बघू द्या म्हटले. धुरकरी भाऊंच्या कसोटीला हा चित्रपट उतरतो की नाही, याची मला चिंता नाही.

वडसेकर (देसाईगंज)

धुरकरींच्या मताला माझा विरोध आहे आणि त्याचे कारण माझ्या गावात आहे. झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचे, नाटक दिवाळीनंतर सुरू होते आणि हिवाळाभर चालते. मंडळ्यांची कार्यालये वडशात, म्हणजे देसाईगंजात, आहेत. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) असला तर त्याच रात्री दोन-तीन नाटके लागतात आणि तिन्ही मंडप भरतात. त्या रंगमंचावर वखर नसतो, बैल नसतो, शेतही नसते. पडद्यावर रंगवलेले झाड आणि नटाचा आवाज एवढेच असते. तरीही समोर बसलेला शेतकरी रडतो. हाताला काम येत असणे ही अट असती, तर आमचे अर्धे नट उपाशी मेले असते. (अर्थात यातले पुष्कळ नट दिवसा शेतावरच असतात, ही गोष्ट वेगळी.)

या संदर्भात मी ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) पुन्हा पाहिला. अनुषा रिझवी यांच्या या चित्रपटात नत्था नावाचा शेतकरी जमीन वाचवण्यासाठी आत्महत्या करणार अशी बातमी फुटते आणि त्याच्या दाराशी वाहिन्यांच्या गाड्यांची जत्रा भरते. नत्था झालेले ओंकारदास माणिकपुरी हे हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’ या नाटकमंडळीतले. आमच्या खडी गंमत आणि दंडार या लोकनाट्यांना छत्तीसगढचा नाचा हा लोकनाट्यप्रकार परका नाही, त्यामुळे ही माणसे पडद्यावर आली की मला ओळखीची वाटतात. नत्था संपूर्ण चित्रपटात शेतीचे काम जवळजवळ करतच नाही. तो नुसता बसतो, पाहतो आणि गोंधळतो. त्या बसण्यात त्याची सारी शेती दिसते. उलट होरी महातो नावाचा एक म्हातारा कोणाशी न बोलता माती खणत राहतो आणि कॅमेरे त्याच्याकडे वळत नाहीत. धुरकरींना हवे असलेले काम करणारे हात हे आहेत. पण ते परिणाम साधतात ते शेजारी काही न करणारा नत्था आहे म्हणून.

याच ओघात ‘दशावतार’विषयी. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आला, कथा कोकणातली आहे आणि दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री हा उतारवयातला दशावतारी कलावंत केला आहे. पुढच्या दोन वाक्यांत कथा फुटते, ज्यांना नको असेल त्यांनी गाळावीत. मुलगा गेल्यावर बाबुली अवतारांची सोंगे घेऊन खाणवाल्यांचा सूड घेतो. पूर्वार्ध अस्सल आहे: रंग लावताना थरथरणारा हात, सोंग उतरल्यावर उरलेला थकवा, मुलाचे ‘आता थांबा’ म्हणणे, हे प्रत्येक लोककलावंताच्या घरातले आहे. उत्तरार्धात एवढ्या वयाचा माणूस इतक्या झटपट वेष बदलून इतक्या ठिकाणी पोहोचतो, यावर समीक्षकांनी नाके मुरडली. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाने मुरडली नसती. देव अंगात आल्यावर माणूस बस कोणती धरतो, असे आमच्याकडे कोणी विचारत नाही. आणि ज्यांच्या रस्त्यावरून लोहखनिजाचे ट्रक दिवसरात्र जातात, त्या गडचिरोलीच्या माणसाला ही कथा कोकणातली आहे हे विसरायला फार वेळ लागत नाही.

निवृत्त गुरुजी (तिरोडा)

चर्चा उत्तम चालली आहे. मी नातवाबरोबर ‘नाळ’ (२०१८) आणि त्यानंतर ‘नाळ भाग २’ (२०२३) असे दोन्ही पाहिले. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे मूळचे तेलुगू भाषक आणि ‘सैराट’चे छायालेखक. चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे अमरावतीचा. पहिल्या भागाला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि श्रीनिवासला बालकलाकाराचा.

आठ-नऊ वर्षांच्या चैत्याला कळते, की आपली आई ही आपली जन्मदात्री नाही. तेवढ्या एका माहितीने त्याचे आईकडे पाहणे बदलते. तिचे रागावणे, तिचे खाऊ घालणे, तिचे दुर्लक्ष, सगळ्याला तो नवा अर्थ लावू लागतो. मी आयुष्यभर याच वयाच्या मुलांसमोर उभा राहिलो. मूल एखादी गोष्ट मनात धरून बसले, की वर्गात ते सगळ्या प्रश्नांची उत्तरे देते आणि तरीही तिथे नसते. श्रीनिवासच्या चेहऱ्यावर नेमके ते आहे. देविका दफ्तरदार यांची आई त्याला काही समजावत बसत नाही. लेखकाने तिच्या तोंडी एक खुलासेवार संवाद घातला असता, तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि चित्रपट गेला असता. ‘जाऊ दे न व’ हे गाणे आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात इतक्या वेळा वाजले, की मला ते नकोसे झाले होते. चित्रपटात मात्र आईच्या मागे लागलेल्या पोराचा हट्ट म्हणून ते चपखल बसते.

दुसऱ्या भागाविषयी घरात मतभेद आहेत. चैत्या जन्मदात्रीच्या गावी, पश्चिम महाराष्ट्राच्या हिरव्या डोंगराळ मुलखात जातो आणि चिमी ही सख्खी बहीण त्याला भाऊ मानायला तयार नसते. त्रिशा ठोसर या चिमुरडीने चित्रपट खिशात घातला आहे. या भागातल्या तिन्ही मुलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. तरी मला वाटते, की पहिल्या भागात न बोलता जे घडते ते दुसऱ्यात वारंवार बोलून दाखवले आहे आणि निसर्गदृश्ये इतकी देखणी आहेत, की मुलाच्या मनातली उलघाल अधूनमधून मागे पडते. नातवाला दुसरा भाग अधिक आवडला. त्याचे वय पाहता त्याच्या मताला अधिक वजन द्यावे.

ऑपरेटर (मोर्शी)

आपण सर्वजण भ्रमणध्वनीवर आणि टीव्हीवर पाहिलेल्या चित्रपटांविषयी बोलत आहात, म्हणून मी दुसऱ्या टोकाने बोलतो. माझी उमेद तालुक्याच्या टॉकीजमध्ये गेली. कार्बनच्या कांड्या जळायच्या तेव्हापासून रीळ बंद पडेपर्यंत मी यंत्रामागे उभा होतो. शेजारच्या टॉकीजबरोबर एकच प्रत वाटून घ्यायची, तिथले रीळ संपले की माणसाने ते मोटारसायकलवर घेऊन यायचे आणि वाटेत उशीर झाला तर प्रेक्षकांच्या शिव्या आम्ही खायच्या, असा तो व्यवहार होता.

मराठी चित्रपट आपल्याकडे का टिकत नाही, याचे उत्तर प्रेक्षकांच्या आवडीत शोधले जाते, ते अपुरे आहे. वितरणाच्या नकाशात आपण ‘सी. पी. बेरार’मध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात, मोडतो. त्या नावाचा प्रांत १९५० साली संपला, पण चित्रपटाच्या धंद्यात तो अजून जिवंत आहे आणि त्यात आपल्याबरोबर हिंदी मुलूखही येतो. अमरावती आणि भुसावळ ही त्याची जुनी ठाणी. मराठी निर्माता मात्र मुंबई, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर डोळ्यांसमोर ठेवून आकडेमोड करतो. परिणामी हिंदी चित्रपट पहिल्या शुक्रवारी येतो आणि मराठी आलाच तर गैरसोयीच्या वेळेला एक खेळ मिळतो. मग ‘विदर्भात मराठी चालत नाही’ हे वाक्य तयारच असते.

‘छावा’ (२०२५) ने हे काही आठवडे खोटे ठरवले, जरी तो हिंदी होता तरी. ज्यांनी कित्येक वर्षांत टॉकीजची पायरी चढली नव्हती, अशी कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली. विकी कौशल यांची मेहनत दिसते; पण चित्रपट खाल्ला तो अक्षय खन्ना यांनी. आवाज न चढवता, टोपी विणत बसलेला तो औरंगजेब पाहा. धुरकरींनी हातांचा मुद्दा काढलाच आहे, तर मला अलीकडे पडद्यावर आठवणारे सर्वांत बोलके हात ते आहेत आणि ते शेतकऱ्याचे नाहीत. कैदेतले संभाजी महाराज आणि विनीत कुमार सिंह यांचा कवी कलश यांच्यातली काव्याची देवाणघेवाण उत्तम जमली आहे. शेवटचा छळाचा भाग मात्र गरजेपेक्षा फार लांबवला आहे आणि ए. आर. रहमान यांचे संगीत मला त्या काळाशी आणि त्या मातीशी जुळणारे वाटले नाही.

मोठ्या पडद्यावर पाहिला नाही तर वाया गेला असा चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२). नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे, त्यांना फुटबॉलकडे वळवणारे प्राध्यापक आणि झोपडपट्टी व महाविद्यालय यांच्या मधली भिंत. विजय बारसे यांच्या कामावर आधारलेली ही कथा आहे. भीमजयंतीच्या मिरवणुकीतला तो आवाज भ्रमणध्वनीतून ऐकणाऱ्याला काय समजणार? अमिताभ बच्चन यांच्यासमोर नागपूरची पोरे उभी राहतात आणि दबत नाहीत. ‘डॉन’ नावाचा पोरगा झालेल्या अंकुश गेडाम याला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला.

मोहफूल (एटापल्ली)

ऑपरेटर काका, ‘झुंड’ उत्तम आहे, पण जवळजवळ तीन तासांचा आहे आणि मध्यंतरानंतर तो कथा पुढे नेण्याऐवजी एकेका पोराची अडचण निस्तरत बसतो, हे मान्य करावे लागेल. तरीही त्या पसाऱ्यातच माझे सर्वांत आवडते प्रकरण आहे. रिंकू राजगुरू यांनी केलेली आदिवासी मुलगी आणि तिचे वडील पारपत्रासाठी लागणारा कागद मिळवायला या दारातून त्या दारात फिरतात. आपण कोण आहोत हे ज्यांनी कधी कोणाला सांगितले नाही, त्यांना ते शिक्क्यासह सिद्ध करावे लागते. मी शिक्षक आहे. दाखल्यासाठी येणाऱ्या पालकांचे चेहरे मला नवे नाहीत, आणि मंजुळे यांनी त्या बापाला कुठेही केविलवाणा केलेला नाही. हे प्रकरण कापले असते तर चित्रपट आटोपशीर झाला असता, पण मला तो तेवढा आवडला नसता.

धुरकरी सरांच्या कसोटीला माझा पाठिंबा आहे. फक्त काम म्हणजे शेतीच का, असा माझा प्रश्न आहे. ‘न्यूटन’ (२०१७) हा ‘शेरनी’च्याच दिग्दर्शकाचा चित्रपट दंडकारण्यात घडतो. ७६ मतदारांसाठी एक मतदान पथक हेलिकॉप्टरने जाते आणि पुढे पायी चालते. आमच्या संवेदनशील भागांतही पथके हेलिकॉप्टरने जातात आणि मतदान तीनला संपते. राजकुमार राव यांचा अधिकारी तीन वाजण्याचा हट्ट धरतो, तेव्हा इतरत्र प्रेक्षक हसत असतील. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या माणसाला तो हट्ट समजतो, कारण यादी, शाई, यंत्र आणि घड्याळ याशिवाय त्या जंगलात त्याच्या हाती काहीच नसते. पंकज त्रिपाठी यांचा सुरक्षा अधिकारी खलनायक नाही, हे या चित्रपटाचे मोठेपण. तो थकलेला आहे आणि आपली माणसे जिवंत परत नेणे हे त्याचे काम आहे. दोघेही आपापले काम चोख करतात आणि म्हणूनच एकमेकांच्या आड येतात.

गोंडी बोलणारे मतदार आणि हिंदी बोलणारे अधिकारी यांच्यामध्ये अंजली पाटील यांची मलको ही स्थानिक शिक्षिका उभी असते. ती दुभाषी म्हणून येते, पण प्रत्यक्षात तिला त्या सर्वांपेक्षा जास्त माहीत असते आणि ती ते फारसे बोलून दाखवत नाही. मी हा चित्रपट दोन गोंडी भाषक सहकाऱ्यांबरोबर पाहिला. त्यांची तक्रार अशी, की मतदार पडद्यावर नेहमी घोळक्यानेच दिसतात. एकालाही घर, नाव आणि स्वभाव मिळत नाही. मला ही तक्रार रास्त वाटते.

अभ्यासिकेतला (पुसद)

नमस्कार. मी या धाग्यावर वयाने सर्वांत लहान असेन. आमच्या अभ्यासिकेत ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३) पाहिला नाही असा मुलगा शोधून सापडणार नाही. विधू विनोद चोप्रा यांचा हा चित्रपट चंबळमधून निघून आयपीएस झालेल्या मनोज कुमार शर्मा यांच्या आयुष्यावर आहे. विक्रांत मेसी यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पिठाच्या गिरणीत काम करून तिथेच अभ्यास करणारा मनोज मला पूर्ण पटतो. अंगावर पीठ, डोळ्यांत झोप आणि समोर पुस्तक. धुरकरी काकांना हे हात नक्कीच चालतील.

पण मित्रांमध्ये या चित्रपटाचा जो उपयोग होतो, तो मला खटकतो. निकाल लागला की त्यातला मुलाखतीचा तुकडा जो तो सगळ्यांना पाठवतो. मला त्या चित्रपटातले सर्वांत महत्त्वाचे पात्र गौरीभैया वाटतात. त्यांची शेवटची संधी हुकते, तरी ते खोली सोडून गावी परतत नाहीत. चहाची टपरी टाकून इतरांना शिकवू लागतात. आमच्या अभ्यासिकेत वयोमर्यादा संपत आलेली मुले आहेत. गावी शेत आहे, पण त्यात परत जाण्याची वाट त्यांच्यासाठी मनाने बंद झाली आहे. त्यांना मनोजपेक्षा गौरीभैयांचा चित्रपट हवा आहे आणि तो कोणी काढलेला नाही. आहे त्यात त्यांना टपरीपुरतीच जागा मिळते.

तिखट ठेचा (दारव्हा)

अभ्यासिकेतल्या दादा, हा प्रतिसाद फार आवडला. एक विचारते: गौरीभैयांचा चित्रपट काढला आणि त्यात ते शेवटपर्यंत नापासच राहिले, तर आपले मित्र तो पाहतील का?

अभ्यासिकेतला (पुसद)

ताई, एकटे पाहतील. गटाने नाही पाहणार.

वडसेकर (देसाईगंज)

मोहफूल यांच्या सहकाऱ्यांची तक्रार मी उचलून धरतो. ‘पीपली’ आणि ‘न्यूटन’ यांतला फरक तिथेच आहे. नत्थाला बायको आहे, खाटेवरून शिव्या देणारी आई आहे, भाऊ आहे आणि त्या घरातले भांडण आहे. त्यामुळे तो आत्महत्येचा ‘विषय’ होऊ शकत नाही, माणूसच राहतो. एवढे साधले तर त्याला वखर धरता आला नाही तरी मला चालेल.

पऱ्हाटी (वणी तालुका)

वडसेकर भाऊ, तुमचे म्हणणे नटापुरते बरोबर आहे. परंतु चित्रपट एकट्या नटाचा नसतो. रंगमंचावर शेत नसते, म्हणून प्रेक्षक ते स्वतःच्या मनातून आणतो. पडद्यावर शेत प्रत्यक्ष दाखवता आणि त्यात डिसेंबरच्या प्रसंगाला जुलैची पऱ्हाटी उभी असते, तेव्हा माझ्या मनातल्या शेताला आत येऊ द्यायलाही जागा उरत नाही. मग समोर कितीही मोठा नट असला, तरी माझे लक्ष झाडाच्या बोंडांकडेच राहते. शहरातल्या प्रेक्षकाला घड्याळ चुकलेले जसे दिसते, तशी आम्हांला ही चूक दिसते.

धुरकरी (राळेगाव तालुका)

पऱ्हाटीताईंनी माझी बाजू माझ्यापेक्षा नीट मांडली. वडसेकर भाऊ, नत्थाच्या बसण्याविषयीचे आपले म्हणणे मी दोन दिवस मनात घोळवले आणि तरीही मला वाटते, की ते बसणे माणिकपुरींना जमले ते कष्ट केलेल्या शरीरामुळे. कामाने थकलेला माणूस आणि नुसता आळसावलेला माणूस वेगवेगळे बसतात. ऑपरेटर काकांनी औरंगजेबाच्या विणकामाचे उदाहरण देऊन मला चीत करण्याचा प्रयत्न केला, पण माझ्या दृष्टीने ते माझ्याच पारड्यात पडते, कारण तो बादशहा टोपी खरोखर विणताना दिसतो आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

ठेचाताई, ‘लापता लेडीज’ काल आम्ही सर्वांनी पाहिला. अदलाबदल झालेल्या दोघींपैकी जयाला पळून जायचे आहे ते सेंद्रिय शेती शिकण्यासाठी, हे कळल्यावर आमच्या वडिलांनी विचारले, की शिकून आल्यावर तिला शेत कोण देणार, माहेरचे की सासरचे? चित्रपट त्या प्रश्नाच्या अलीकडे थांबतो. यावर कोणाचे काही म्हणणे असेल तर ऐकायला आवडेल.

तिखट ठेचा (दारव्हा)

वडिलांचा प्रश्न योग्य आहे. आमच्याकडे सातबाऱ्यावर माझे नाव लागायला लग्नानंतर बरीच वर्षे जावी लागली, आणि तेही एका योजनेत बाईचे नाव असले तर सोयीचे पडते म्हणून लागले. तरी जयाची गोष्ट जिथे संपते, तिथेच ती संपलेली मला बरी वाटते. त्या मुलीला आधी गाडीत तर बसू द्या; सातबाऱ्याचा चित्रपट वेगळा काढावा आणि त्यात ऑपरेटर काकांच्या टॉकीजला पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळचा खेळ मिळावा.